घरमालक, ठेकेदार आणि पंच



वसंत व्याख्यानमालेत काव्य, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय यावेत अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. आज मी मात्र आपणांपुढे वाळू, सिमेंट, गिलावा आणि थकलेले बिल घेऊन उभा आहे. विषय रुक्ष आहे, पण या मंडपात असे एकही घर नसेल की ज्याला तो कधी ना कधी भोवला नाही. ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यात मी एवढीच भर घालीन की, जुने घर पाहावे उकलून! नवे बांधताना निदान पाया तरी आपल्या डोळ्यांसमोर भरला जातो. जुन्या घराचे पोट उघडेपर्यंत आत काय आहे हे मालकालाही ठाऊक नसते आणि ठेकेदारालाही नसते.

मी बोलणार आहे ते विशेषतः भाड्याने देण्यासाठी दुरुस्त करावयाच्या घरांविषयी. आपल्या शहरात अशी घरे कोणाची असतात? बड्या धनिकांची थोडी. बहुतेक असतात ती निवृत्त शिक्षकाची, एस. टी. तून निवृत्त झालेल्या वाहकाची, किंवा वाटणीत जुन्या वाड्याचे चार खण वाट्याला आलेल्या एखाद्या विधवा भगिनीची. आयुष्यभराच्या नोकरीअंती हाती आलेली रक्कम ही मंडळी माळवद उतरवून स्लॅब टाकण्यात, न्हाणीघरे नीट करण्यात, खोल्यांना स्वतंत्र दारे पाडण्यात घालतात. महाविद्यालयात शिकणारी मुले किंवा नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असणारी तरुण माणसे भाडेकरू म्हणून येतील, आणि म्हातारपणी महिन्याकाठी चार पैसे हाती येतील, एवढीच त्यांची आकांक्षा असते. विद्यार्थी खोल्या शोधतात जून महिन्यात. तो जून हुकला की पुढचा जून येईपर्यंत वाट पाहत बसावे लागते.

आणि ठेकेदार तरी कोण असतो? तोही बहुधा कुबेर नसतो. काल-परवापर्यंत स्वतः थापी हाती धरणारा गवंडी असतो. सिमेंट उधारीवर आणलेले असते, सेंट्रिंगचे सामान भाड्याचे असते, आणि आठवड्याच्या अखेरीस बिगारी बायाबापड्या मजुरीसाठी त्याच्या दारात उभ्या असतात. मालकाने बिल अडविले की त्याची पहिली झळ ठेकेदाराला लागत नाही, त्या बिगाऱ्यांच्या चुलीला लागते. तेव्हा मालक-ठेकेदार तंटा म्हणजे दोन बेताच्या माणसांची ओढाताण आहे, हे ध्यानात ठेवूनच आपण पुढे जाऊ.

आपल्या नगरला अशा तंट्याचे एक जुने उदाहरण आहे. फराहबाग आपण सर्वांनी पाहिली असेल. १५८३ साली हा महाल पुरा झाला. पहिल्याने बांधलेली इमारत मुर्तझा निजामशहाला पसंत पडली नाही, म्हणून ती उतरवून सलाबतखानाकरवी नव्याने बांधवून घेतली, असे इतिहासकार सांगतात. सुलतानाचे ठीक होते. खजिना त्याचा, हुकूम त्याचा, न्यायही त्याचाच! गंमत एवढीच की, आपला निवृत्त शिक्षक काम नापसंत पडले म्हणजे नेमका त्या सुलतानाच्या थाटात बोलू लागतो: ‘पाड सगळे! एक पैसा देणार नाही!’ आणि ठेकेदार म्हणतो, ‘मग मी फळ्या-बल्ल्या काढून चाललो.’ दुसऱ्या दिवसापासून काम बंद. अर्ध्या स्लॅबखाली खोल्या उघड्या पडतात, जून येतो नि जातो.

हे तंटे होतात कशावरून? दोन्ही बाजूंची म्हणणी शांतपणे ऐकली तर असे दिसते की, लबाडीपेक्षा संदिग्धपणा अधिक नडतो. समजा, काम ‘उक्ते’ दिले. चार खोल्यांचे सहा लाख. पण सहा लाखांत काय काय, हे कोणी लिहिले नाही. माळवदावरची माती काढली तेव्हा तुळयांची टोके वाळवीने खाल्लेली निघाली. त्या बदलायच्या कोणाच्या पैशाने? मालक म्हणतो, ‘उक्ते म्हणजे उक्ते.’ ठेकेदार म्हणतो, ‘मातीखालचे मला काय दिसत होते?’ दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे आहे. खोटा आहे तो न लिहिलेला करार.

किंवा काम दराने दिले, इतक्या रुपयांना एक ब्रास गिलावा. ब्रास म्हणजे क्षेत्रफळात शंभर चौरस फूट, आणि हीच ब्रास वाळूला लावली की शंभर घनफूट. एवढे सर्वांना ठाऊक असते. पण दारेखिडक्यांची जागा वजा करायची की नाही? येथे वाद पेटतो. वास्तविक ‘भारतीय मानक १२००’ यात मोजमापाची रीत सांगून ठेवली आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या लहान झरोक्याची वजावट नाही, कारण त्याच्या कडा घडविण्यातच मेहनत जाते. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतच्या दारेखिडक्यांची वजावट एकाच बाजूची. त्याहून मोठे असेल तर दोन्ही बाजूंची, आणि कडा मात्र निराळ्या मोजायच्या. ‘मोजमाप मानकाप्रमाणे’ एवढे दोन शब्द करारात घातले असते तर एक भांडण जन्मालाच आले नसते.

तिसरे कारण पाण्याचे. आपला जिल्हा अवर्षणाचा. काँक्रीटला साध्या सिमेंटसाठी निदान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटसाठी निदान दहा दिवस ओलावा राखला पाहिजे, असे मानक आहे. ऐन मे महिन्यात टँकर कोणी आणायचा हे ठरलेले नसते. मालक ठेकेदाराकडे पाहतो, ठेकेदार आभाळाकडे. पुढे स्लॅबला चिरा पडतात, आणि चीर कोणाची यावर वर्ष जाते. त्यातही सगळ्या चिरा गवंड्याच्या पदरी घालणे बरोबर नाही. काळ्या जमिनीवरचे घर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जमिनीबरोबर हलते. त्याला उत्तम गवंडीही काय करणार? चीर पाहून निदान करावयास जाणता माणूस हवा.

हा जाणता, तिसरा माणूस हाच माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे. आणि ही काही परदेशातून आणलेली कल्पना नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. त्याच साली, त्याच उन्हाळ्यात, पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दंगे झाले. त्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे बाहेर काढून जाळले. का जाळले? त्या दंग्यांना कारणे पुष्कळ होती. पण त्यांतले एक असे की, कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला कळत नव्हते, आणि दिलेल्या पैशाची पावती त्याच्या हाती नव्हती. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि आपला नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यात तीन गोष्टी होत्या. दस्तऐवज गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, पैसे घेणाऱ्याने पावती द्यावी, आणि कोर्टात जाण्यापूर्वी सलोखा करणाऱ्या माणसापुढे दोघांनी जावे. तो कायदा आज राहिलेला नाही. ते प्रकरण सावकारीचे होते आणि आपले बांधकामाचे आहे, हेही खरे. पण लेख, पावती आणि सलोखा हे त्रिकूट या जिल्ह्याच्या मातीतल्या अनुभवातून निघाले आहे, आणि आजच्या तंट्यालाही तेच लागू पडते.

आता लेखात काय असावे? कामाची यादी, दर, मोजमापाची रीत, पैशाचे हप्ते कामाच्या कोणत्या टप्प्याला, पाणी आणि वीज कोणाची, आणि जादा काम निघाल्यास त्याचा दर कसा ठरवायचा. हा शेवटचा मुद्दा जुन्या घरात सर्वांत महत्त्वाचा. ‘झाकलेले काम उघडल्यावर दोघांनी पाहावे, मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, दर लिहून दोघांनी सही करावी, मगच हात लावावा’ असे एक वाक्य असले की पुरे. पण भाड्याच्या घराच्या मालकाने आणखी एक गोष्ट अवश्य लिहावी, आणि ती बहुधा कोणीच लिहीत नाही: ‘या खोल्या अमुक तारखेपासून अमुक भाड्याने द्यावयाच्या आहेत, हे ठेकेदारास सांगितले आहे.’

याचे कारण आपल्या १८७२ च्या करार कायद्यात आहे. त्याच्या ७३ व्या कलमाखाली काही दाखले दिलेले आहेत, आणि त्यांतला एक जणू आपल्यासाठीच लिहिला आहे. एका बांधकामवाल्याने घर १ जानेवारीपर्यंत पुरे करून देण्याचे कबूल केले, कारण मालकाने ते त्या दिवशी तिसऱ्या माणसाला भाड्याने देण्याचा करार केला होता, आणि ही गोष्ट बांधकामवाल्याला सांगितलेली होती. त्याने ते इतके वाईट बांधले की मुदतीपूर्वीच कोसळले. कायदा सांगतो की, पुन्हा बांधण्याचा खर्च, बुडालेले भाडे, आणि भाडेकरूला मालकाला द्यावी लागलेली भरपाई, हे सर्व बांधकामवाल्याने दिले पाहिजे. सारी मेख ‘सांगितलेली होती’ या शब्दांत आहे. ठेकेदाराला ठाऊकच नसेल तर बुडालेल्या भाड्याचा बोजा त्याच्यावर टाकणे कठीण.

पण त्याच कलमाची दुसरी बाजू मालकांनी विसरू नये. नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाताशी होते ते विचारात घेतले जातात. दोन खोल्या तयार असताना, ठेकेदाराला धडा शिकवायचा म्हणून त्या वर्षभर कुलपात ठेवल्या, तर ते भाडे मागता येणार नाही. आणि ५५ वे कलम असे की, मुदत महत्त्वाची ठरलेली असूनही उशिराचे काम मुकाट्याने ताब्यात घेतले, तर मागाहून उशिराची भरपाई मागता येत नाही. घेतानाच तशी सूचना द्यावी लागते. ‘घेतो, पण भरपाईचा हक्क राखून’ एवढे लिहिण्यास दोन मिनिटे लागतात. करारात दिवसाला इतका दंड असे लिहिले असले तरी ७४ व्या कलमाप्रमाणे तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. कोर्ट त्याच्या आत राहून वाजवी तेवढेच देववते. म्हणून दिवसाला दहा हजार दंड लिहून ठेकेदाराला घाबरवणे हे कागदी शस्त्र आहे.

‘काम वाईट झाले, एक पैसा देणार नाही’ हे जे मालकाचे म्हणणे, त्याविषयी इंग्लंडातले दोन निवाडे ऐकण्याजोगे आहेत. १९५२ च्या निवाड्यात एका बिऱ्हाडाची सजावट साडेसातशे पौंडांना दिली होती. मालकाने चारशे दिले आणि काम सदोष म्हणून साडेतीनशे अडविले. दोष दुरुस्त करण्यास सुमारे ५५ पौंड लागणार होते. न्यायालय म्हणाले, काम मुख्यतः पुरे झाले आहे. तेवढे पौंड कापा आणि बाकीचे द्या. १९७२ साली दुसरा तंटा आला. घर उबदार ठेवणारी यंत्रणा ५६० पौंडांना बसविली, पण घर तापेना आणि धूर मात्र होई. दुरुस्तीस १७४ पौंड लागणार होते. तेथे न्यायालयाने ठेकेदाराला काहीच दिले नाही, कारण काम मुळातच पुरे झाले म्हणता येत नव्हते. आपली न्यायालये या निवाड्यांना बांधलेली नाहीत; पण त्यांतले शहाणपण घेण्यास हरकत कोणती? थोड्या दोषासाठी सगळे बिल अडवू नये, आणि मूळ हेतूच फसला असेल तर ठेकेदारानेही ‘नव्वद टक्के केले’ म्हणून हक्क सांगू नये.

आता तंटा उभाच राहिला तर काय करावे? मघाचेच चार खोल्यांचे घर घेऊ. आकडे मी समजण्यासाठी कल्पिले आहेत. ठरले सहा लाख, दिले चार लाख वीस हजार, बाकी एक लाख ऐंशी हजार. ठेकेदार जादा सात तुळयांचे सत्तर हजार धरून अडीच लाख मागतो. मालक म्हणतो, शून्य. दोघांची तोंडे दोन दिशांना. आता पंचाने दोघांना समोर बसवून एक कागद घ्यावा. रंगाचे काम झालेलेच नाही, त्याचे तीस हजार दोघांनाही कबूल. म्हणजे मूळ बाकी उरली दीड लाख. मग मालकाच्या तक्रारी: गिलावा पुन्हा करण्याचे चाळीस हजार, गच्चीच्या गळतीचे पस्तीस हजार, दोन महिन्यांच्या उशिराचे, चार खोल्यांचे दरमहा तीन-तीन हजारांप्रमाणे चोवीस हजार. एकूण नव्याण्णव हजार. मालकाची एकूण एक तक्रार खरी मानली आणि तुळयांचा एक रुपयाही धरला नाही, तरी दीड लाखातून नव्याण्णव हजार गेले की एक्कावन्न हजार उरतात. म्हणजे मालकाच्या स्वतःच्या हिशेबानेही एक्कावन्न हजार देणे आहे! ते त्याने त्याच दिवशी देऊन टाकावे. पावती घ्यावी, आणि पावतीवर ‘उरलेल्या मुद्द्यांचे दोघांचे हक्क राखून’ असे लिहावे. मजुरांची तोंडे बंद होतात, आणि रागाची अर्धी वाफ तेथेच निघून जाते.

उरले चार मुद्दे: तुळया, गिलावा, गळती, उशीर. ते चारही मोजून पाहण्यासारखे आहेत. सातपैकी पाच तुळया नव्या दिसतात. पाचांचे पन्नास हजार धरावेत. गिलावा टाचेने ठोकून पाहिला, पोकळ वाजतो तो भाग मोजला, पंचवीस हजारांचा निघाला. गळती ठेकेदाराने स्वतः बंद करून द्यावी. उशिराचा अर्धा दोष तुळयांमुळे, म्हणून बारा हजार. दीड लाखात पन्नास हजार मिळवून पंचवीस आणि बारा वजा केले की एक लाख त्रेसष्ट हजार येतात. एक्कावन्न पूर्वी दिले. राहिले एक लाख बारा हजार. पैकी सत्त्याहत्तर हजार आता, आणि पस्तीस हजार पहिला पावसाळा कोरडा गेल्यावर. यात कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. पण खोल्या जूनमध्ये भाड्याने गेल्या.

हा पंच कोण असावा? मालकाचा मेहुणा नसावा, ठेकेदाराचा पुरवठादार नसावा. बांधकाम जाणणारा, दोघांनाही मान्य असा निवृत्त अभियंता किंवा अनुभवी मिस्त्री असावा, आणि त्याचे नाव कुदळीचा पहिला घाव पडण्यापूर्वी करारात लिहावे. भांडण पेटल्यावर एक बाजू ज्याचे नाव सुचवील त्याचा दुसरीला संशय येतो. शुभमुहूर्तावर मात्र दोघेही शहाणे असतात. त्याचा निर्णय बंधनकारक हवा असेल तर तसे स्पष्ट लिहून दोघांनी सह्या कराव्यात. १९९६ च्या लवाद कायद्याला लेखी करार लागतो, आणि मग त्या निवाड्याची बजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी करता येते.

पंचाने नाही मिटले तर पुढची दारे आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत, दावा दाखल होण्यापूर्वीही, प्रकरण लोकअदालतीत नेता येते. तेथे तडजोड झाली की तो निवाडा अंतिम. त्यावर अपील नाही. ग्राहक आयोगाचे दार २०१९ च्या कायद्याने उघडे आहे, मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते. घर भाड्याने द्यायचे होते म्हणून ‘हा तर धंदा, तुम्ही ग्राहक नव्हे’ असा आक्षेप तेथे समोरून येऊ शकतो. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या न्यासाच्या प्रकरणात सांगितले आहे की, व्यवहाराचा मुख्य हेतू काय होता हे प्रत्येक प्रकरणात पाहावे लागते. त्या न्यासाने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिका व्यापारी हेतूच्या मानल्या गेल्या नाहीत. एकदोन खोल्यांच्या भाड्यावर पोट चालविणाऱ्याने आपली हकीकत तशी मांडावी. पण हे दार नक्की उघडेलच असे धरून बसू नये. दिवाणी न्यायालय आहेच. करारभंगाच्या भरपाईसाठी मालकाला, आणि केलेल्या कामाच्या पैशासाठी ठेकेदाराला, साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. तीन वर्षे गप्प बसून चौथ्या वर्षी जागे होणाऱ्याला कोर्ट जागे करीत नाही.

घरात आधीचे भाडेकरू राहत असतील, तर आणखी एक गोष्ट. ठेकेदाराशी माझे भांडण आहे, म्हणून छत गळू द्या, हे मालकाला म्हणता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती करून घ्यावी, आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत खर्च कापून घ्यावा. मालक-ठेकेदाराच्या झुंजीत भाडेकरूच्या डोक्यावरचे छप्पर सापडू नये, एवढीच त्यात दृष्टी आहे.

बंधूंनो, भगिनींनो, २०२४ पासून आपल्या जिल्ह्याला ज्यांचे नाव आहे त्या अहिल्यादेवी याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. भारतभर घाट, देवळे, धर्मशाळा त्यांनी बांधविल्या, आणि त्यांतल्या कितीतरी आजही माणसांच्या उपयोगी पडत आहेत. इमारतीची किंमत तिच्या वापरात असते. बंद पडलेल्या अर्धवट घराचा उपयोग मालकाला नाही, ठेकेदाराला नाही, आणि वकिलालाही फार काळ नाही! तेव्हा कामाला हात घालण्यापूर्वी लेख करा, प्रत्येक पैशाची पावती घ्या आणि द्या, पंचाचे नाव आधी लिहा. आणि भांडण झालेच तर वादाचा पैसा वादात ठेवून कबुलीचा पैसा आधी मोकळा करा. यंदा ज्यांच्या घराचे माळवद उतरायचे आहे त्यांनी घरी गेल्यावर एक कोरा कागद घेऊन बसावे, एवढी विनंती.